एमबीएच्या प्रवेश परीक्षेत व्याकरणाचे मार्क काही केल्या वाढत नाहीत

भांबावलेला_भाऊ | ११ ऑगस्ट, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा, मेकॅनिकल, आणि आता चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. या वर्षी सीईटी, एनमॅट आणि स्नॅप अशा तिन्ही द्यायच्या ठरवल्यात. गणित, लॉजिकल चांगलं जातं. उताऱ्यांवरचे प्रश्नसुद्धा बरे जातात. गाडी अडते ती इंग्रजी व्याकरणावर. वाक्यातली चूक ओळखा, रेघ मारलेला भाग सुधारा, गाळलेली जागा भरा, असले प्रश्न.

गेल्या रविवारी फक्त या प्रकारचे १५ प्रश्न वेळ लावून सोडवले. ६ बरोबर. त्याआधीच्या रविवारी ६, त्याच्याआधी ७. म्हणजे अभ्यास करून एक मार्क कमीच झाला. ते लाल जाडजूड पुस्तक (कुठलं ते सगळ्यांना कळलं असेल) दोनदा पालथं घातलंय. झोपेतून उठवून व्याख्या विचारा, सांगतो. पण वाक्य समोर आलं की एकतर सगळंच बरोबर वाटतं, नाहीतर सगळंच चूक. माझ्या चूका नेमक्या कुठे होतात तेच कळत नाही.

कोणी यातून गेलंय का? काय केलंत?

———

अनुस्वार | ११ ऑगस्ट, रात्री ९:१४

चुका. चु ऱ्हस्व. एकवचनात चूक, अनेकवचनात चुका.

एक सापडली बघा.

———

तिखटमीठ | ११ ऑगस्ट, रात्री ९:३१

आला का हा अनुस्वार! पोरगा इंग्रजीचं विचारतोय.

भाऊ, आधी हिशोब मांडा. एनमॅटच्या भाषेच्या विभागात ३६ प्रश्न आणि २८ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिटाच्या किंचित वर. सीईटीला १५० मिनिटांत २०० प्रश्न, त्यातले इंग्रजीचे ५०. तिथेही सरासरी तेवढीच. स्नॅपला ६० मिनिटांत ६० प्रश्न, इंग्रजीचे १५. या तिन्हींत व्याकरण म्हणजे आख्खा विभाग नव्हे. शब्दसंग्रह, उतारे, वाक्यं लावणं हे सगळं त्यातच.

आणि एनमॅट, सीईटीला चुकीच्या उत्तराचे मार्क कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडून उठलात तर तो गुन्हा आहे. स्नॅपला मात्र चुकलं की पाव मार्क जातो, तिथे हात आखडता.

तुम्ही १५ पैकी किती सोडवले होते, की काही सोडून दिले होते?

———

भांबावलेला_भाऊ | ११ ऑगस्ट, रात्री ९:४०

@तिखटमीठ, सगळे सोडवले. वेळही उरला होता, हेच तर दुःख आहे. ९ चुकले ते आत्मविश्वासाने चुकले.

@अनुस्वार, धन्यवाद. दुरुस्त करत नाही, राहू दे तसंच.

———

चिंचगूळ | ११ ऑगस्ट, रात्री १०:०५

मी फक्त कॅट दिली, त्यामुळे या भानगडीत पडलेच नाही. कॅटला गेली अनेक वर्षं थेट व्याकरण विचारत नाहीत. गेल्या काही पेपरांत ४० मिनिटांत २४ प्रश्न, त्यातले १६ उताऱ्यांवर आणि उरलेले वाक्यं लावा, सारांश निवडा, न बसणारं वाक्य काढा असे. आमच्या क्लासच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, व्याकरणाचं पुस्तक रद्दीत द्या.

माझा सल्ला: वाचा. रोज एक अग्रलेख, एक लांब लेख. सहा महिन्यांत कान तयार होतो, चुकीचं वाक्य आपोआप खटकायला लागतं.

———

तिखटमीठ | ११ ऑगस्ट, रात्री १०:१२

रोज अग्रलेख मीही वाचले, दोन वर्षं. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणावर मत झालं. 'द' कुठे लावायचा ते अजून कळलेलं नाही.

———

टोरांटोकर | १२ ऑगस्ट, सकाळी ६:५०

हा धागा बघून जुनी जखम भळभळली.

मी २०१६ मध्ये जीमॅट (परदेशातल्या एमबीएसाठीची प्रवेश परीक्षा) दिली. तेव्हा भाषेच्या विभागात ७५ मिनिटांत ४१ प्रश्न असायचे आणि त्यात वाक्य सुधारण्याचे चांगले मूठभर. पाच पर्याय, पहिला पर्याय नेहमी मूळ वाक्यच, जसंच्या तसं. चार महिने मी सकाळी पाचला उठून तो एकच प्रकार घोटला. पहिल्या सरावात भाषेचे २७ होते, खऱ्या परीक्षेत ३८ आले. पुढे ७ नोव्हेंबर २०२३ ला जीमॅटचं नवं रूप आलं, त्यातून हा प्रकार काढूनच टाकला, आणि जुनी परीक्षा ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाली. आता तिथे भाषेचे २३ प्रश्न, ४५ मिनिटं, फक्त उतारे आणि तर्क. माझे चार महिने संग्रहालयात ठेवायला हवेत.

तरी त्यातून शिकलेली एक गोष्ट कुठल्याही परीक्षेत चालते. पर्याय एकेक करून आख्खे वाचू नका. वरून खाली नजर टाका आणि पर्यायांत फरक कुठे आहे ते बघा. दोघांत 'हॅज' आणि तिघांत 'हॅव' असेल तर परीक्षक तुम्हाला कर्ता विचारतोय. मग कर्ता शोधा, बाकी सगळं विसरा. एका झटक्यात दोन किंवा तीन पर्याय गळतात. मग उरलेल्यांतला पुढचा फरक.

आणि कान तयार होतो या मताशी मी सहमत नाही. आपला कान आपल्या आजूबाजूच्या इंग्रजीवर तयार होतो. ऑफिसात दिवसभर 'डिस्कस अबाउट' ऐकल्यावर परीक्षेत ते कसं खटकणार?

———

रंकाळ्याचा_राजा | १२ ऑगस्ट, सकाळी ८:२२

कॅनडातनं सकाळी सकाळी! टोरांटोकर, तिकडं झोपायची वेळ झाली असंल.

भावा, मी पण मराठी माध्यमच. मला 'अ' आणि 'अ‍ॅन' कधी जमायचं नाही. स्वर व्हॉवेल म्हणून पाठ केलं की 'युनिव्हर्सिटी' आली आणि मी 'अ‍ॅन' लावून मोकळा. मग आमच्या रूमवरच्या एकानं सांगितलं: शब्द मराठीत लिहून बघ. पहिलं अक्षर स्वर आलं तर 'अ‍ॅन', व्यंजन आलं तर 'अ'. युनिव्हर्सिटी 'य' नं सुरू होते, म्हणून 'अ'. युरोपियन, 'अ'. ऑनेस्ट 'ऑ' नं, म्हणून 'अ‍ॅन'. वन-वे रस्ता 'व', म्हणून 'अ'. एमबीए 'ए' नं, म्हणून 'अ‍ॅन एमबीए'. एफआयआर, एक्स-रे, सगळ्याला 'अ‍ॅन'. त्यानंतर यात आजपर्यंत एक मार्क गेला नाही.

इंग्रजी माध्यमवाल्यांना हे करता येत न्हाई, त्यांना स्पेलिंग दिसतं. आपल्याला आवाज दिसतो.

———

अनुस्वार | १२ ऑगस्ट, सकाळी ८:४०

राजे, हे फार सुंदर आहे. देवनागरीचा एवढा व्यावहारिक उपयोग आजवर कोणी सांगितला नव्हता.

———

खडूफळा | १२ ऑगस्ट, दुपारी २:१५

मी निवृत्त शिक्षिका. ३१ वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं, बहुतेक काळ आठवी ते दहावी. प्रवेश परीक्षांचं मला फारसं माहीत नाही, पण मुलांच्या चुका मला माहीत आहेत.

बाळ, '१५ पैकी ६' यावरून कोणालाच काही सांगता येणार नाही. ताप किती आहे ते सांगतोस, दुखतंय कुठे ते सांगत नाहीस. ती चुकलेली नऊ वाक्यं इथे लिही. तू काय उत्तर दिलंस तेही लिही. लाजू नकोस.

———

भांबावलेला_भाऊ | १२ ऑगस्ट, रात्री ११:०२

सेकंड शिफ्ट संपवून आलो. बाई, लिहितो. पहिल्या आठांत मी 'चूक नाही' किंवा भलताच पर्याय निवडला होता:

वी डिस्कस्ड अबाउट द बजेट.
द क्वालिटी ऑफ द पार्ट्स वेअर पुअर.
ही प्रिफर्स टी दॅन कॉफी.
आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स.
ऑलदो इट वॉज रेनिंग, बट ही वेंट आउट.
वॉकिंग टू द स्टेशन, द रेन स्टार्टेड.
शी इज स्टडिंग इन अ‍ॅन युनिव्हर्सिटी. (राजांमुळे हे आज कळलं.)
ही इज वन ऑफ द बेस्ट प्लेयर इन द टीम.

नवव्यात वाक्य बरोबर होतं, मीच त्यात चूक काढली: द मदर, अलाँग विथ हर चिल्ड्रन, हॅज अराइव्ह्ड. मला 'हॅव' हवं असं वाटलं.

दुसरं वाक्य वाचून मला घाम फुटला. कारण कस्टमरला जाणाऱ्या मेलमध्ये मी अगदी हेच लिहितो. आठवड्यातून तीनदा.

———

साखरझोप | १२ ऑगस्ट, रात्री ११:२०

कस्टमरला क्वालिटी 'पुअर' आहे असं तुम्ही आठवड्यातून तीनदा स्वतःच कळवता?

———

भांबावलेला_भाऊ | १२ ऑगस्ट, रात्री ११:२३

व्हेंडरबद्दल हो ताई! आमच्याकडे येणाऱ्या मालाबद्दल. दोष आमचा नाही, हे सांगायलाच क्वालिटी डिपार्टमेंट असतं.

———

खडूफळा | १३ ऑगस्ट, सकाळी १०:३०

छान यादी दिलीस. आता बघ, यातली जवळपास प्रत्येक चूक मराठीतून आलेली आहे. तुला इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे, मराठी फार चांगलं येतं म्हणून. प्रत्येक वाक्य मनातल्या मनात मराठी कर.

'बजेटबद्दल चर्चा केली.' 'बद्दल' आलं, म्हणून तू 'अबाउट' ठेवलास. इंग्रजीत 'डिस्कस' च्या पोटातच 'बद्दल' आहे. तसंच 'पुण्याला पोचलो' म्हणून मुलं 'रीच्ड टू पुणे' लिहितात आणि 'त्याला विचारलं' म्हणून 'आस्क्ड टू हिम'. आपला 'ला' दिसला की आपण 'टू' चिकटवतो.

'कॉफीपेक्षा चहा.' 'पेक्षा' म्हणजे 'दॅन', हे शाळेत आम्हीच पक्कं करून घेतलेलं. पण प्रिफर, सीनियर, ज्युनिअर, सुपीरियर, इन्फीरियर यांच्यामागे 'टू' येतं. ही मंडळी लॅटिनच्या घरातून आलेली, त्यांचे कुळाचार वेगळे.

'मी तीन वर्षांपासून इथे काम करतोय.' मराठीत वर्तमानकाळ, म्हणून तुझं 'अ‍ॅम वर्किंग'. इंग्रजीत काम मागे सुरू होऊन अजून चालू असेल तर 'हॅव बीन वर्किंग'. आणि आपलं 'पासून' दोन्ही कामं करतं, इंग्रजीत ती वाटून दिली आहेत. सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स', किती काळ ते असेल तर 'फॉर'. सिन्स २०२२, फॉर थ्री इयर्स.

'जरी पाऊस पडत होता तरी तो बाहेर गेला.' जरी आलं की तरी यायलाच हवं, जोडीनेच वावरतात. इंग्रजीत 'ऑलदो' आणि 'बट' यांतला एकच बोलवायचा. 'बिकॉज' आणि 'सो' चंही तेच.

आता दुसरं वाक्य, तुझ्या मेलमधलं. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सावकाश लिहिते. मराठीत आपण 'भागांची क्वालिटी वाईट होती' म्हणतो. 'क्वालिटी' हा कर्ता क्रियापदाच्या बाजूला बसलाय आणि 'भागांची' मागे गेलंय. आपल्याला लहानपणापासून सवय, क्रियापदाच्या जवळचं नाम बघायचं आणि त्याच्याशी जुळवायचं. इंग्रजीत क्रम उलटा. 'क्वालिटी' पुढे पळाली आणि क्रियापदाला खेटून बसले 'पार्ट्स'. तू सवयीने जवळच्याशी जुळवलंस. उपाय एकच, असं लांबलचक नाम दिसलं की त्याचं मराठी कर. मराठीत जो शब्द शेवटी येईल तोच खरा कर्ता. द लिस्ट ऑफ आयटम्स, वस्तूंची यादी. कर्ता यादी, म्हणून 'इज'. द प्राइस ऑफ द बॉक्सेस, पेट्यांची किंमत. कर्ता किंमत.

आणि गंमत बघ, नववं वाक्य तू मराठी करून बघितलं असतंस तर चुकलंच नसतं. 'मुलांसह आई आली.' आली म्हणतो ना आपण? आल्या नाही म्हणत. 'सह' मधली माणसं मोजायची नाहीत, इथे मराठी आणि इंग्रजीचं एकमत आहे.

उरलेलं रात्री लिहिते, आता नातवाला आणायला जायचंय.

———

रंकाळ्याचा_राजा | १३ ऑगस्ट, सकाळी १०:४८

बाई, मुजरा. क्लासला मी चाळीस हजार भरले होते. हे कुणीच सांगितलं न्हाई.

———

चिंचगूळ | १३ ऑगस्ट, सकाळी ११:१५

बाईंचं विश्लेषण अप्रतिम, पण एक शंका. पाऊण मिनिटात वाक्य वाचायचं, मराठीत न्यायचं, परत इंग्रजीत आणायचं, मग पर्याय बघायचे? शिवाय आम्हाला तर नेहमी सांगतात की इंग्रजीत विचार करा, भाषांतर करू नका.

———

तिखटमीठ | १३ ऑगस्ट, सकाळी ११:२०

इंग्रजीत विचार करा म्हणणाऱ्यांच्या पायावर एकदा वरवंटा पडायला हवा. मग बघू कुठल्या भाषेत ओरडतात.

———

साखरझोप | १३ ऑगस्ट, दुपारी १:४०

मी बँकेत नोकरी करते, लेक चार वर्षांची, आणि यंदा सीईटी परत देतेय. वेळेचं मी सांगू शकते.

परीक्षेत भाषांतर करायचंच नाही. ते घरी, वहीत. मी एक दोनशे पानी वही केलीय. डावीकडे चुकलेलं वाक्य, उजवीकडे मी का चुकले ते एका ओळीत. नियमाचं नाव नाही लिहायचं, माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं ते लिहायचं. 'पासून वाचलं आणि सिन्स ठोकलं', असं. पाच-सहा आठवड्यांत लक्षात आलं की मी नवीन चुका करतच नाही. त्याच सात-आठ फिरून फिरून येतात, वेगळी साडी नेसून. मग परीक्षेत वाक्य दिसलं की ओळखच पटते, भाषांतराला वेळ जात नाही.

दुसरं. वहीतच मोजलं होतं. ४० प्रश्नांत 'चूक नाही' हे उत्तर ९ ठिकाणी होतं आणि मी ते फक्त २ ठिकाणी निवडलं होतं. सासूबाई सुनेच्या स्वयंपाकात काढतात तशी मी प्रत्येक वाक्यात चूक काढत होते. भाऊंचं उलट दिसतंय, त्यांना आठ ठिकाणी सगळं गोड लागलं. आपला कल कुठल्या बाजूला आहे ते एकदा मोजून बघाच.

———

अनुस्वार | १३ ऑगस्ट, दुपारी २:०५

'वेगळी साडी नेसून' हे वाक्य चोरण्यात येत आहे.

———

खडूफळा | १३ ऑगस्ट, रात्री ८:५०

साखरझोप, तू शिक्षिका व्हायला हवी होतीस. चिंचगूळ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिनेच दिलं.

आता राहिलेली दोन वाक्यं. 'वन ऑफ द बेस्ट प्लेयर' सोपं आहे. 'खेळाडूंपैकी एक' म्हणतो ना, 'खेळाडूपैकी' नाही. तो अनुस्वार इंग्रजीत 'एस' होऊन येतो.

दुसरं पावसाचं. 'स्टेशनला जाताना पाऊस सुरू झाला.' मराठीत या वाक्याला नाव ठेवायला जागा नाही. म्हणून तुला इंग्रजीतही चूक दिसली नाही. पण इंग्रजीत स्वल्पविरामानंतर जो येईल तोच आधीचं काम करणारा. म्हणजे पाऊसच छत्री घेऊन स्टेशनला निघाला होता.

मुलांना मी अशी खूण सांगायची: इंग्रजीतलं सुरुवातीचं 'इंग' हे आपलं 'ताना' नाही, आपलं 'ऊन' आहे. 'घरी जाऊन मी जेवलो' चालतं, कारण जाणारा मीच, जेवणारा मीच. 'स्टेशनवर पोचून गाडी सुटली' म्हणालास तर ऐकणारा विचारेल, पोचलं कोण, तू की गाडी? तेव्हा 'इंग' ने सुरू होणारं वाक्य आलं की 'ऊन' लावून बघ. विचित्र वाटलं तर चूक तिथेच.

———

अनुस्वार | १३ ऑगस्ट, रात्री ९:३०

बाई, खूण झकास आहे, पण गळती आहे. 'पाऊस पडून पीक बुडालं.' पडला पाऊस, बुडालं पीक. करणारे दोन, तरी 'ऊन' चाललं. 'लग्न होऊन दहा वर्षं झाली' हेही तसंच.

———

खडूफळा | १३ ऑगस्ट, रात्री ९:५५

शाब्बास! वर्गात असतास तर पुढच्या बाकावर बसवलं असतं.

तुझ्या दोन्ही वाक्यांत आधीच्या कामाचा धनी वाक्यातच हजर आहे. 'पाऊस' पडून, 'लग्न' होऊन. धनी आत असेल तर इंग्रजीतही चालतं. 'वेदर परमिटिंग, वी विल प्ले', तिथे परवानगी हवामान देतंय, खेळणार आपण. धनी दिलेला नसेल तेव्हाच तो स्वल्पविरामापलीकडे शोधायचा.

———

अनुस्वार | १३ ऑगस्ट, रात्री १०:०२

मान्य. बाईंचे आशिर्वाद असेच राहोत.

———

तिखटमीठ | १४ ऑगस्ट, सकाळी ९:१०

बाई, माझीपण एक. 'ही इज वन ऑफ द बॉइज हू प्ले क्रिकेट' की 'प्लेज'? यावरून होस्टेलवर दोन गट पडले होते आणि एक खुर्ची मोडली होती.

———

खडूफळा | १४ ऑगस्ट, सकाळी ११:४०

'जी मुलं क्रिकेट खेळतात त्यांतला तो एक.' खेळतात म्हणालास ना? मग 'प्ले'. 'हू' कोणाला चिकटलाय ते आपला 'जो-जी-जे' लगेच सांगतो. खुर्चीचे पैसे दुसऱ्या गटाकडून घे.

———

रंकाळ्याचा_राजा | १४ ऑगस्ट, दुपारी १२:१५

आता जरा अवांतर. आमच्या एचआरनं कालच मेल टाकलाय: 'काइंडली रिव्हर्ट बॅक'. आणि माझ्या मित्रानं बायोडाटात लिहिलंय, 'आय पास्ड आउट इन २०१९'. इंटरव्ह्यू घेणारा इंग्लंडात शिकलेला, तिकडं 'पास आउट' म्हंजे बेशुद्ध पडणं, त्यानं विचारलं म्हणं, 'आता तब्येत कशी आहे?'

———

टोरांटोकर | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

हा हा. इथे आल्या आल्या पहिल्या महिन्यात मी ऑफिसात एकाची ओळख 'माय कझिन ब्रदर' अशी करून दिली. समोरची बाई विचारात पडली, दोन्ही कसा? आपल्याकडे आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ, आणि त्यांच्याकडे सगळ्यांना मिळून एक शब्द, तोही भाऊ की बहीण ते न सांगणारा. यात गरीब कोण ते तुम्हीच ठरवा.

आणि आपल्या 'मॅरीड विथ' चंही सांगतो. 'तिच्याशी लग्न' म्हणून आपण 'विथ' लावतो, हवं 'टू'. पण 'मॅरीड विथ टू किड्स' हे अगदी बरोबर आहे. अर्थ: लग्न झालेलं, दोन मुलं आहेत. हे शब्दशः मराठीत नेऊ नका, पोलीस येतील.

———

चिंचगूळ | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:००

मेले हसून.

बरं, मुद्द्यावर येते. वाचनाबद्दल मी माझं मत थोडं बदलते. वाचनाने उताऱ्यांचा वेग वाढतो, व्याकरणाचा नाही, किंवा निदान एका हंगामात नाही. भाऊंकडे दोन-तीन महिने असतील तर वही आधी, अग्रलेख नंतर.

———

रंकाळ्याचा_राजा | १४ ऑगस्ट, रात्री ९:४५

अजून एक सावधगिरी. सराव कुठनं करताय ते बघा. माझ्या क्लासच्या प्रश्नसंचात उत्तरंच चुकीची छापली होती. 'ईच ऑफ द बॉइज हॅव' बरोबर म्हणून दिलेलं. मी दोन आठवडे तेच खरं मानून बसलो. विचारायला गेलो तर सर म्हणाले, 'छपाईची चूक.' मग दुसऱ्या आवृत्तीत पण तीच. स्पष्टीकरण नसलेला प्रश्नसंच हातात धरू नका.

———

टोरांटोकर | १५ ऑगस्ट, सकाळी ७:१०

+१. जुन्या जीमॅटचे वाक्य सुधारण्याचे अधिकृत प्रश्न, स्पष्टीकरणासह, सेकंडहँड पुस्तकांत अजून मिळतात. परीक्षेतून तो प्रकार गेल्यामुळे भावही पडलेत. तुमच्या परीक्षांपेक्षा ते अवघड आहेत, वेळ लावून सोडवू नका. दिवसाला तीन, आणि प्रत्येक चुकीचा पर्याय का चूक ते लिहायचं. समांतर रचनेसाठी याहून चांगला सराव मी पाहिला नाही. म्हणजे एका यादीत 'टू स्विम, टू रन अँड सायकलिंग' असं चालत नाही, तिघांचा गणवेश एकच हवा.

———

साखरझोप | १५ ऑगस्ट, सकाळी ७:३०

गणवेश! स्वातंत्र्यदिनाला साजेसं. लेकीला झेंडावंदनाला सोडून आले आत्ताच.

———

भांबावलेला_भाऊ | १५ ऑगस्ट, दुपारी ३:००

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सुट्टी होती, वही आणली. पहिल्या पानावर ती नऊ वाक्यं लिहिली. दुसऱ्या पानासाठी ऑफिसचे गेल्या महिन्याचे पाठवलेले मेल उघडले आणि त्यातल्या चुका शोधायला बसलो. चार पानं भरली. आता मेल उघडायची भीती वाटतेय.

———

तिखटमीठ | ६ ऑक्टोबर, रात्री ८:०५

धागा वर काढतोय. भाऊ, आहात का? की वहीत बुडालात?

———

भांबावलेला_भाऊ | ७ ऑक्टोबर, रात्री ११:३०

आहे आहे. ऑडिट होतं, त्यात महिना गेला.

खरं सांगतो. काल १५ प्रश्न सोडवले, ११ बरोबर. त्याआधी १०, आणि मध्ये एकदा परत ७ पण झालेत, ते नाइट शिफ्टनंतर सकाळी सोडवले होते. कर्ता-क्रियापद आता जवळजवळ चुकत नाही. 'पेट्यांची किंमत' डोक्यात बसलंय. ऑलदो-बट संपलं. 'अ' आणि 'अ‍ॅन' राजांच्या कृपेने संपलं.

'द' मात्र अजून नडतो. कारण त्याचं मराठी करायला गेलं तर हाताला काहीच लागत नाही, आपल्याकडे तो प्राणीच नाही. तिथे बाईंची युक्तीही चालत नाही. कालच्या चारांतले तीन 'द' चेच. एक ढोबळ गोष्ट उपयोगी पडतेय: ऐकणाऱ्याला 'कुठला?' असं विचारावं लागणार नसेल तर 'द'. पण नद्या, देश, आजार आले की परत गाडी घसरते. त्यांची वेगळी दोन पानं केलीत, ती सरळ पाठ करतोय.

साखरझोप ताई, तुमच्यासारखं मोजलं. मी 'चूक नाही' हे गरजेच्या दुप्पट वेळा निवडत होतो. तुमच्या बरोबर उलटं.

एक ऑफिसमधलं. परवा साहेबांनी व्हेंडरला जाणारा मेल मला वाचायला दिला. त्यात 'द कंडिशन ऑफ द बॉक्सेस वेअर बॅड' होतं. मी 'वॉज' केलं. साहेब म्हणाले, बॉक्सेस अनेक आहेत, 'वेअर'च हवं, आणि परत बदललं. मेल तसाच गेला. एनमॅट होईपर्यंत मी गप्प बसणार आहे, सुट्टी त्यांच्याकडूनच घ्यायचीय.

———

खडूफळा | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

गप्पच बस. 'द' चं मी ३१ वर्षं शिकवून सगळ्यांना जमलं असं म्हणणार नाही. पाठ करतोयस ते बरोबर करतोयस. नाइट शिफ्टनंतर सराव करू नकोस, झोप काढ.

———

भांबावलेला_भाऊ | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

हो बाई.

आणि @अनुस्वार, आता वहीची सवय लागलीय म्हणून सांगतो. १३ ऑगस्ट, रात्री १०:०२ चा प्रतिसाद बघा. आशीर्वाद. शी दीर्घ.

———

अनुस्वार | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:४४

...

दोनशे पानी वही कुठे मिळते म्हणालात?